कॉन्व्हेंटच्या केजीत मुलं नक्की काय शिकतात

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलीला येत्या जूनपासून कॉन्व्हेंटच्या ज्युनियर केजीत घालताय, घरी सगळे मराठी, देवघर आहे, सासूबाई म्हणतात पोरगी येशूची प्रार्थना म्हणत घरी येईल आणि मराठी विसरेल, मिस्टर म्हणतात इंग्लिश पक्कं झालं की झालं, आणि तुम्हाला एवढंच कळायचंय की त्या दोन वर्षांत ते शिकवतात तरी काय. मी २६ वर्षं केजीलाच शिकवतेय, वसईची आहे, आम्ही स्वतः कॅथलिक, आणि माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलं कायम हिंदू, मुस्लिम, जैन घरातली असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचे प्रश्न रोज ऐकते. लांब होईल पण नीट सांगते.

सगळ्यात जास्त वेळ आमचा ना एबीसीडीवर जातो ना प्रार्थनेवर. तो जातो थांबायला शिकवण्यात. घरी एकुलतं एक मूल, पाणी म्हटलं की पाणी, मोबाइल म्हटलं की मोबाइल, आणि इथे एका नळासमोर चाळीस जण. माझ्या पुढचा पाणी पिऊन होईपर्यंत मी थांबायचं, आणि तो थांबला होता म्हणून मला मिळालं, हे चार वर्षांच्या मुलाला कळायला जून ते ऑगस्ट जातो, काहींना दिवाळी उजाडते. आईबाप विचारतात आज काय शिकवलं, मूल म्हणतं काही नाही, आणि त्या दिवशी ते पहिल्यांदा न ढकलता रांगेत उभं राहिलेलं असतं. माझ्या हिशेबी तो दिवस वाया गेलेला नसतो, वहीत एक अक्षर नसलं तरी.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येते, कारण तोच सगळ्यात नाजूक. हो, प्रार्थना असते. लपवण्यासारखं काही नाही, कॅथलिक शाळा आहे, दिवसाची सुरुवात प्रार्थनेनेच होणार. सकाळी असेंब्लीत दोन-तीन ओळी, डबा उघडायच्या आधी देवाला थँक यू, घरी जाताना एक छोटं गाणं, सगळं मिळून दिवसाला पाच मिनिटं. कॅथलिक मुलं क्रुसाची खूण करतात, बाकीच्यांनी नुसते हात जोडले किंवा शांत उभं राहिलं तरी चालतं. चारच वर्षांचं मूल बघून बघून करणार हे मात्र खरं, आणि एक दिवस ती देवघरासमोर क्रुसाची खूण करेल आणि सासूबाई दचकतील. त्याला मी काय सांगू, माझा मुलगा तीन वर्षांचा असताना शेजारच्यांच्या गणपतीत आरतीला टाळ्या वाजवायला शिकला आणि पुढचा महिनाभर आमच्या रोझरीच्या, म्हणजे माळेवरच्या प्रार्थनेच्या, वेळी टाळ्या वाजवत बसायचा, माझी सासू आधी गप्प झाली आणि मग म्हणाली वाजवू दे, देवासमोरच वाजवतोय ना. या वयाचं मूल अनुकरण करतं, धर्म बदलत नाही.

आणि नियमाची बाजूही माहीत असू द्या. संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिलाय, पण कलम २८ च्या तिसऱ्या पोटकलमात हेही आहे की सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला लावता येत नाही, मूल लहान असेल तर पालकांची संमती लागते. म्हणून कॅटेकिझमचा, म्हणजे आमच्या धर्मशिक्षणाचा, तास फक्त कॅथलिक मुलांना आणि त्याच वेळी बाकीच्यांना मॉरल सायन्स किंवा व्हॅल्यू एज्युकेशन, ही पद्धत आमच्याकडे पूर्वीपासून आहे. २०२४ मध्ये तर भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेच शाळांना लेखी सांगितलं की इतर धर्माच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका आणि असेंब्लीत संविधानाची उद्देशिका वाचा. तेव्हा एखादी गोष्ट खटकली तर पालकांच्या ग्रुपवर नको, सरळ टीचरला किंवा सिस्टर प्रिन्सिपलना भेटून सांगा, अहो आमच्या घरी असं चालत नाही, तिला नुसतं उभं राहू द्या. कुणी रागावणार नाही, आणि रागावले तर चूक त्यांची.

अजून एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. चर्चच्या स्वतःच्या कायद्यातच सात वर्षांखालच्या मुलाला समज आलेली धरत नाहीत. पहिली कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याचा विधी, सातच्या पुढेच, १९१० साली पोप दहावे पायस यांनी ते वय साधारण सात ठरवलं, आणि आमच्याकडे तर मुलं तिसरी-चौथीत गेल्यावरच होते. म्हणजे केजीत कॅथलिक मुलांनासुद्धा धर्माचे सिद्धांत कोणी शिकवत नाही, शिकवून उपयोगच नाही. त्यांना बायबलमधल्या गोष्टी सांगतात. देवाने उजेड केला, पाणी केलं, झाडं केली, मासे पक्षी केले, मग माणूस. नोहाच्या होडीत प्राणी जोडीजोडीने चढले, इथे आम्ही दोन-दोनने मोजायलाही शिकवून घेतो. मेंढपाळाकडे शंभर मेंढ्या होत्या, एक हरवली, नव्व्याण्णव सोडून तो एकीला शोधायला गेला. ही गोष्ट मी इतक्या वर्षांत शेकडो वेळा सांगितली असेल आणि दर वर्षी कोणीतरी विचारतंच, टीचर मग त्या नव्व्याण्णवांजवळ कोण थांबलं? मोठ्यांच्या प्रवचनात हा प्रश्न मी कधी ऐकला नाही, पण तो बरोबर आहे आणि मी तो टाळत नाही, वर्गालाच विचारते, तुम्हीच सांगा कोण थांबलं असेल, आणि मग अर्धा तास नुसत्या गप्पा. एकदा एक मुलगी म्हणाली मोठ्या मेंढ्यांनी छोट्यांना सांभाळलं असेल. तिच्या घरी नुकतंच बाळ आलं होतं.

गार्डियन एंजलची पण गोष्ट सांगतात, प्रत्येकाचा एक देवदूत असतो, तो कायम बाजूला असतो. त्यानंतर एक आठवडा माझा एक विद्यार्थी बाकावर अगदी कडेला टेकून बसायचा, मला वाटलं शेजारच्याशी भांडण झालं. विचारलं तर म्हणाला त्याला बसायला जागा ठेवलीये. घर मुस्लिम होतं त्याचं, आई दुसऱ्या दिवशी हसत म्हणाली आमच्यातही खांद्यावर फरिश्ते असतात हो टीचर, राहू दे.

पण मला विचाराल तर कॅथलिक केजीचं खरं वेगळेपण दोन जागी दिसतं. एक म्हणजे डिसेंबर. नाताळच्या आधी चार आठवडे वर्गात रिकामा गोठा ठेवतो, बाळ येशू नाही, नुसती रिकामी गव्हाण. बाजूला टोपलीत भाताचा पेंढा, वसईत त्या सुमाराला कापणी झालेली असते, मुलंच घरून मूठ मूठ आणतात, आगरी घरातली, भंडारी घरातली, आमची, सगळीच. कोणी कुणासाठी काही चांगलं केलं की त्याने एक काडी उचलायची आणि गव्हाणीत ठेवायची, थंडीत येणाऱ्या बाळाला मऊ लागलं पाहिजे. कोणी बघत नाही, टीचर मोजत नाही, चार्टवर स्टार नाही, स्वतःच ठरवायचं मी आज काडी ठेवायची का. हे न मोजणं फार महत्त्वाचं आहे. एका वर्षी मी नावांची यादी लावली, वाटलं उत्साह येईल, तर तीन दिवसांत मुलं एकमेकांचे डबे जबरदस्तीने उघडून द्यायला लागली काडीसाठी. यादी काढून टाकली. पुन्हा कधीच लावली नाही.

दुसरी जागा म्हणजे सॉरी. सगळ्याच शाळा सॉरी म्हणायला शिकवतात, पण नुसतं सॉरी म्हणून पळून जाणं मूल दोन दिवसांत शिकतं. आमच्याकडे, निदान ज्या सिस्टरांनी मला तयार केलं त्यांच्याकडे, सॉरीनंतर एक प्रश्न असतो, आता त्याला बरं वाटायला तू काय करशील? त्याचा टॉवर पाडलास ना, मग बांधायला मदत कर. तिचा क्रेयॉन तोडलास ना, मग तुझा दे. आणि घरी जायच्या आधी दोन मिनिटं गोल करून, डोळे मिटून, आज मी काय चांगलं केलं, आज कुणाला माझ्यामुळे रडू आलं. जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी ४०० पेक्षा जास्त वर्षांपूर्वी मोठ्यांना रोज दिवसाचा असा आढावा घ्यायला शिकवलं होतं, ही त्याचीच बालवाडीतली आवृत्ती. यात देवाचं नाव घेतलं नाही तरी काम होतं, घेतलं तरी होतं. तुमच्या घरी शुभंकरोतीनंतर करून बघा.

शांततेचं पण तसंच. बालशिक्षणाची मॉन्टेसरी पद्धत काढणाऱ्या मारिया मॉन्टेसरी स्वतः कॅथलिक होत्या, १९३९ मध्ये भारतात आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या, त्यांचा सायलेन्स गेम कित्येक शाळा आजही खेळतात. एक मिनिट कोणी हलायचं नाही, काय काय ऐकू येतं ते मनात धरून ठेवायचं. पंखा, कावळा, मावरंवालीची हाक, लांबवर ट्रेन, आणि बारा वाजले असतील तर चर्चची घंटा. जून महिन्यात दहा सेकंदसुद्धा जमत नाही आणि फेब्रुवारीत तीच मुलं पूर्ण मिनिट बसतात. पुढे ज्याला अभ्यासात लक्ष लागणं म्हणतात ते इथे सुरू होतं.

आता मिस्टरांचं इंग्लिश. येईल, पण ते समजतात तसं नाही. आधी साउंड मग अक्षर, म्हणजे एस नाही म्हणायचं, सापासारखं स्स्स म्हणायचं. एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा आधी घेतात कारण तेवढ्यातच सॅट, पिन, टॅप, नॅप असे शब्द जुळतात, एबीसीडीच्या ओळीने गेलात तर पहिल्या सहांत फार शब्द होत नाहीत. सिनियर केजीच्या शेवटी मूल असे तीन अक्षरी शब्द वाचतं, छोटं वाक्य वाचतं, स्वतःबद्दल चार वाक्यं बोलतं. एवढंच. फाडफाड इंग्लिश बोलेल अशी अपेक्षा धरू नका, आणि पहिले तीन-चार महिने ती वर्गात एक शब्द बोलली नाही तर घाबरूही नका. नवी भाषा कानावर पडते तेव्हा बरीच मुलं आधी गप्प राहून साठवतात. माझ्या एका मुलीने दिवाळीपर्यंत तोंड उघडलं नव्हतं, आई रडकुंडीला आलेली, आणि घरी तीच मुलगी बाहुल्या ओळीने बसवून माझ्या आवाजात सिट डाउन चिल्ड्रन म्हणायची.

इथे एक गोष्ट लिहितेच कारण ती माझ्या मनातून जात नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी ज्या शाळेत होते तिथे नियम होता, वर्गात फक्त इंग्लिश. एका मुलाला शूला जायचं होतं, मे आय गो टू द टॉयलेट हे वाक्य त्याला आठवेना, मराठीत विचारायचं नाही हे मात्र पाठ होतं, तो तसाच उभा राहिला आणि चड्डीत झाली. तो रडला नाही, खाली बघत राहिला. मी नवीन होते, नियम मोडायची हिंमत माझ्यात नव्हती, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं. त्यानंतर माझ्या वर्गात कोणत्याही भाषेत शू म्हटलं की जायचं. तुमच्या शाळेत जाऊन पहिला प्रश्न हाच विचारा, मुलांनी मराठीत बोललं तर टीचर काय करतात. या एका उत्तरावरून शाळा कळते, बिल्डिंग बघून कळत नाही.

मराठी विसरेल का, तर शाळेमुळे नाही विसरणार, तुम्ही घरी कम बेबी इट द बनाना सुरू केलंत तर विसरेल. मी वसईतल्या सामवेदी समाजातली, घरी आमची कादोडी बोली, शाळेतली पुस्तकी मराठी हीच मला पहिली परकी भाषा होती, इंग्लिश त्याच्याही नंतर. घरची बोली भक्कम होती म्हणूनच पुढच्या दोन्ही आल्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि त्यावर आलेला २०२२ चा पायाभूत स्तराचा आराखडा, दोन्हींत तीन ते आठ वयाला घरच्या भाषेवरच भर आहे. शिवाय महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने इंग्लिश मीडियमला पण मराठी सक्तीची आहे, पण ती पहिलीपासून, केजीची दोन वर्षं तुमच्याच हातात आहेत. गोष्टी सांगा, बडबडगीतं म्हणा, आजीला बोलू द्या तिच्याशी भरपूर.

लिहिण्याबद्दल मी जरा कडक आहे. मनगटातली आठ छोटी हाडं चार वर्षांच्या मुलात पूर्ण तयार झालेली नसतात, बरीचशी अजून कूर्चाच असते, त्या हाताला चार रेघी वहीत पानंच्या पानं गिरवायला लावणं मला पटत नाही. ज्युनियरला आधी कणीक, क्ले, मणी ओवणं, कागद फाडून चिकटवणं, चिमटे लावणं, वाळूत बोट फिरवणं, मग उभी रेघ, आडवी रेघ, तिरकी, अर्धगोल, आणि मग अक्षर. तुम्ही घरी मटार सोलायला बसवा, चपातीचा गोळा द्या, तोच होमवर्क. आमच्यातल्याच बऱ्याच कॉन्व्हेंट शाळा अजून ज्युनियरपासून वह्या भरून घेतात, पालकांना वही भरलेली दिसली की फी वसूल झाल्यासारखं वाटतं म्हणून, आणि हे मी माझ्याच लोकांबद्दल म्हणतेय. याच पालघर जिल्ह्यात, बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बालवाडी चालवून दाखवली, आदिवासी पाड्यावर मुलं येईनात तर शाळाच अंगणात नेली, शंख-शिंपले, बिया, पानं हेच साहित्य. माझ्या सगळ्या ट्रेनिंगपेक्षा मला त्या कामातून जास्त मिळालं.

आकड्यांचं थोडक्यात. वन टू हंड्रेड पाठ म्हणणं म्हणजे मोजता येणं नव्हे. दहा बटणं ओळीत मांडा, तिच्यासमोरच लांब लांब पसरवा आणि विचारा आता जास्त झाली का, या वयात बहुतेक मुलं हो म्हणतात, स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी हे कितीतरी वर्षांपूर्वी दाखवून ठेवलंय. म्हणून ज्युनियरला वीसपर्यंत खऱ्या वस्तू हातात घेऊन मोजणं, सिनियरला पन्नास-शंभर, आधी-नंतर-मधला, थोडी बेरीज. त्याच्यापुढे गेलेली शाळा पुढारलेली असं समजू नका.

बाकी सण सगळे होतात. आषाढीला नऊवारी आणि धोतर नेसून वर्गातल्या वर्गात दिंडी, रक्षाबंधन, ईद, दिवाळीचा आकाशकंदील, नाताळचं नाटक, त्यात मेंढ्या व्हायला सगळ्यांना आवडतं कारण डायलॉग नसतात.

वयाचं बघून घ्या, महाराष्ट्रात ३१ डिसेंबरला चार पूर्ण होत असतील तर ज्युनियर, पाच असतील तर सिनियर. तुमची ऑक्टोबरची म्हणताय, म्हणजे ती वर्गातल्या लहानांपैकी असणार, वर्गात सात-आठ महिन्यांनी मोठी मुलं असतील. या वयात तो फरक खूप असतो, तुलना करू नका, आणि कुणी केली तर तारीख सांगा.

जूनचा पहिला आठवडा ती रडणार. गेटवर दहा मिनिटं मिठी मारून उभ्या राहू नका, नेमकी वेळ सांगा, डबा खाल्ल्यानंतर गाणं होईल आणि मग मी येईन, आणि त्या वेळेला खरंच पाच मिनिटं आधी येऊन उभ्या राहा, तिला गर्दीत आधी तुमचा चेहरा दिसला पाहिजे. तोपर्यंत मे महिन्यात तिला स्वतःचं पूर्ण नाव सांगता येऊ दे, चड्डी वरखाली करता येऊ दे, इलॅस्टिकचीच घाला, बटणाची नको. आणि डबा विकत घेताना दुकानातच तिच्या हातात देऊन झाकण उघडायला लावा, ते चारही बाजूंनी क्लिप लागणारे दिसायला छान असतात पण पहिल्या आठवड्यात मी एकटी चाळीस डबे उघडत असते आणि शेवटच्याचा नंबर येईपर्यंत मधली सुट्टी संपलेली असते.